जहाजावरची पंगत



रामटेकच्या बाईनं समुद्रावरच्या जेवणाबद्दल बोलावं हे जरा अतीच झालं, मला ठाऊक आहे. आमच्या गावाला समुद्र कोणत्याच बाजूनं जवळ नाही. आम्हाला पाणी माहीत ते गडाखालच्या अंबाळ्याचं, नाहीतर खिंडसी तलावाचं. खिंडसीत बोटी चालतात आणि त्या बोटीत बसायला पोशाखाचा नियम एकच, लाइफ जॅकेट. ते चढवलं की नवरदेव काय नि सहलीला आलेलं शाळकरी पोरगं काय, सगळे सारखेच फुगलेले दिसतात.

अशा या गावात मागच्या उन्हाळ्यात लेकीचा सिएटलहून फोन आला. "आई, तुम्ही दोघं येताय ना, तर अलास्काच्या क्रूझचं बुकिंग करून टाकलंय. सात रात्री. आणि ऐक, त्यातल्या दोन रात्री फॉर्मल डिनर असतं. बाबांना एक सूट शिवून घे."

फोन स्पीकरवर होता. आमच्या ह्यांनी पेपर खाली न ठेवताच विचारलं, "काऊन? तिथं कोटाबिगर भात शिजत नाही काय?"

झालं. पुढचे आठ दिवस आमच्या घराला दुसरा विषय नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जेवाले बी युनिफॉर्म राह्यते काय बाई?" पानठेल्यावर दोन तट पडले. एक तट म्हणे, पैसे आपण भरले, लुंगीवर जेवू नाहीतर कशावर. दुसरा म्हणे, लोकाच्या घरी गेलं तर लोकाच्या रीतीनं राहावं. ह्यांनी तर शाळेतली जुनी गोष्टच काढली. साध्या कपड्यांत आलेल्या पाहुण्याला दारावरून परत पाठवतात. तोच भारी अंगरखा घालून येतो तेव्हा त्याला मानानं पाटावर बसवतात. मग तो घास उचलतो आणि अंगरख्यालाच भरवायला लागतो. "मले नाही भरवाचं कोटाले," हे म्हणाले.

गोष्ट चांगली आहे. पण तिच्यात चूक अंगरख्याची नाही, दारावरच्या माणसाची आहे. हे मला जहाजावर गेल्यावर कळलं, म्हणजे जरा उशिराच.

आधी हा नियम काय आहे ते सांगते. मोठ्या क्रूझवर सात रात्रींत साधारण दोन रात्री अशा असतात. ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, त्या दिवसाची रात्र बहुधा निवडतात. दिवसभर भटकून दमलेल्या माणसाला नटायला सांगितलं तर तो चिडणारच. पहिली रात्र सहसा टाळतात, कारण तोवर सामानच खोलीत पोचलेलं नसतं. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवरही पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटायचं नाही अशीच रीत होती. एका रात्री पेट्या उघडायच्या असत, दुसऱ्या रात्री बांधायच्या. एवढा कडक नियम, पण पेटीच्या कुलपापुढे त्यालाही नमावं लागे.

पुरुषांनी काळं डिनर जॅकेट आणि गळ्याला बो, नाहीतर गडद सूट. बायकांनी लांब गाउन. या डिनर जॅकेटची कुळकथा मोठी गमतीची आहे. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजानं, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजानं, लंडनच्या हेन्री पूल यांच्या शिंपीदुकानातून मागे शेपट्या नसलेला एक आखूड कोट शिवून घेतला. कशासाठी? तर गावाकडच्या घरी जेवताना शेपट्या सांभाळत बसावं लागू नये म्हणून. १८८६ च्या सुमारास तो कोट न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कात पोचला आणि अमेरिकेत त्याचं नावच टक्सिडो पडलं. म्हणजे ज्याच्या धाकानं आमच्या ह्यांची झोप उडाली, तो मुळात घरात ऐसपैस बसायचा कोट. पुढे दीडशे वर्षांत त्याला इस्त्री बसली, एवढंच.

आता जहाजांनीही पुष्कळ सैल सोडलंय. नॉर्वेजियन नावाच्या कंपनीनं २००० सालाच्या सुमारास ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि ठरलेला पोशाख, या तिन्हींतून प्रवाशांना मोकळं केलं. क्यूनार्डसारखी जुनी कंपनी नटण्याच्या 'गाला' संध्याकाळी अजून पाळते, पण तिथंही आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख चालतो. आणि ज्याला नटायचंच नाही त्याच्यासाठी बफे उघडा असतो. उपाशी कोणी राहत नाही.

हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मंग तिथंच जेवू."

तेव्हा मला आजोबा आठवले. आमच्या घरात जेवणाचा वेगळा पोशाख होता आणि तो काही इंग्रजांनी आणलेला नव्हता. आजोबा रोज दुपारी बाहेरचं धोतर सोडून कोशाचा मुकटा नेसत, मगच पाटावर बसत. सणावाराला कद, पीतांबर. आता याहून फॉर्मल डिनर ते काय असणार? त्या मुकट्यात अन्नाचा मान होता, हे मी नाकारत नाही. पण त्याच सोवळ्यानं कोणाला ओसरीखालीच उभं केलं, कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका वस्त्रात अन्नाचा मान होता आणि माणसाचा अपमानही.

म्हणून जेवणाच्या कपड्यांचा वाद निघाला की मी एवढंच पाहते, या नियमापायी कोणाला पंगतीतून उठावं लागतंय का? २०१४ साली चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबानं उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत घेतलं नाही, कारण ते वेष्टी नेसून आले होते. वेष्टी म्हणजे तिकडचं धोतरच. आपल्याच मुलखात, आपल्याच वस्त्रात, आणि दार बंद. त्याच वर्षी तामिळनाडूत कायदा झाला आणि असली अडवणूक बंद झाली. जहाजावरचा बफे मला त्या क्लबापेक्षा शहाणा वाटतो.

जहाज, जेवण आणि कपडे यांची बोलकी गोष्ट आहे ती गांधीजींची, आणि ती त्यांनीच आत्मकथेत सांगितली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचा मोहनदास मुंबईहून 'क्लाइड' जहाजानं विलायतेला निघाला. अंगात काळा सूट होता. पण काट्या-चमच्यानं जेवता येईना, कशात मांस आहे ते विचारायचा धीर होईना. मग गडी जेवणाच्या टेबलावर गेलाच नाही. खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खात राहिला. पांढऱ्या फ्लॅनेलचा एक सूट त्यानं खास उतरण्याच्या दिवसासाठी जपून ठेवला होता. तो घालून ऐटीत उतरला, तर सप्टेंबर सरत आलेला आणि त्या सगळ्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांत हा एकटाच. बिचारा शरमून गेला. तोच माणूस १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' जहाजानं पंचा नेसून गेला आणि त्याच पंच्यात बकिंगहॅम राजवाड्यात राजाकडे जाऊन आला. दुसऱ्याच्या कपड्यातून बाहेर यायला गांधीजींनाही काही वर्षं द्यावी लागली.

आपल्या आनंदीबाई जोशींना ती द्यावी लागली नाहीत. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून अमेरिकेच्या जहाजावर चढल्या तेव्हा त्याही अठराच वर्षांच्या होत्या. निघण्याआधी सेरामपूरच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं होतं, की तिथं मी इथल्यासारखीच राहीन, आहार आणि पेहराव बदलणार नाही. १० ऑक्टोबर १८८५ चा फिलाडेल्फियातला त्यांचा एक फोटो आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी वैद्यकीच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात. तिघी नटलेल्या आहेत आणि एकीच्याही अंगावर उसनं काही नाही.

तो फोटो आठवला आणि माझं ठरलं. मी ट्रंकेतून करवती काढली.

आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या बायकांना करवती सांगायला नको, पण लांबच्या श्रोत्यांसाठी सांगते. अंग कोशाचं, काठ सुताचे, आणि काठाला करवतीसारखे दात. अंगाचा धागा आणि काठाचा धागा विणतानाच एकमेकांत गुंतवावा लागतो. तीन धोटे चालतात, घाई करून भागत नाही. कोसा येतो भंडारा-गडचिरोलीच्या जंगलातून, ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचा. या करवतकाठीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. माझी साडी लेकीच्या लग्नातली. सूट शिवण्यापेक्षा तिला एक ऊन दाखवलं आणि बॅगेत घातली. ह्यांनी बॅगेत काय घातलं ते मी विचारलं नाही.

पहिली फॉर्मल रात्र आली. रात्र म्हणायची एवढंच. जून महिना, अलास्का, जेवायला निघालो तेव्हा बाहेर लख्ख ऊन. मी करवती नेसले, गळ्यात ठुशी घातली. हे स्वेटर चढवून बफेकडे गेले. खाली जिन्यावर फोटोवाला उभा होता, लोक रांगेनं फोटो काढून घेत होते. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा काठ हातात धरून पाहिला. मी त्यांना ऐनाच्या झाडाबद्दल सांगितलं, लेकीनं इंग्रजी केलं.

आमचा वाढपी निघाला गोव्याचा, सासष्टीतला. माझी साडी पाहून मराठीतच बोलायला लागला. मी त्याला विचारलं, "रोज हे पांढरं जॅकेट घालायचा कंटाळा नाही येत रे?" हसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हाला दोन रात्री. मला नऊ महिने." मग मांडलेल्या चौथ्या ताटाकडे बोट करून म्हणाला, "काका कुठे? बरं नाही का त्यांना?"

मी, लेक, जावई. चौथी खुर्ची रिकामी. काकांना काय झालंय ते मला सांगता येईना.

जेवून वर गेले. हे काचेपाशी एकटे बसले होते, बाहेर बर्फाचे डोंगर सरकत होते. मला पाहून म्हणाले, "कोटाबिगर भात शिजते इथं." मग थोड्या वेळानं, "पण एकट्यालेच खा लागला."

मी त्यांना वाढप्याच्या नऊ महिन्यांचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

श्रोतेहो, रामटेकची बाई बोलतेय आणि कालिदास आला नाही, तर मला गावात कोणी घेणार नाही. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं, आणि आम्ही ते डोळे मिटून मानतो. त्या काव्यात विरहानं वाळलेल्या यक्षाच्या मनगटावरून सोन्याचं कडं गळून पडतं. तिकडे अलकेत यक्षपत्नीनंही दागिने उतरवून ठेवले आहेत, एक वेणी तेवढी. मी हे किती वर्षं ऐकत आले, पण त्या रात्री जहाजावर ते मला उमगलं. दागिना आपण आपल्यासाठी घालतो असं वाटतं, पण समोर कोणी नसलं की तो अंगावर राहत नाही. नटणं म्हणजे सोबतीला दिलेला मान आहे. म्हणून ते सक्तीनं करवून घेता येत नाही, आणि म्हणूनच ते अगदी सोडून द्यावं असंही वाटत नाही.

दुसऱ्या फॉर्मल रात्री मी करवतीच नेसले. तयार होऊन वळले तर हे आरशासमोर. पांढरा झब्बा आणि वर खादीचं जाकीट, त्रिपुरी पौर्णिमेला गडावर जाताना घालतात तेच. बॅगेच्या तळाशी घडी घालून आणलं होतं, मला न सांगता. दारात कोणी हटकलं नाही. कोणी जाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाढप्यानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "या काका, बसा."

तेव्हा ज्यांना जायचंय त्यांना माझं सांगणं एवढंच. आता तर २०२१ पासून मुंबईहूनही 'कॉर्डेलिया'ची क्रूझ निघते, सगळ्यांना काही अलास्का गाठायला नको. सूट शिवू नका, भाड्यानंही आणू नका. भाचीच्या लग्नात जे घालून पंगतीला बसाल तेच न्या. निघण्याआधी कंपनीचा नियम एकदा वाचून घ्या. आणि नाहीच नटावंसं वाटलं तर बफेत जा, त्यात कमीपणा नाही. फक्त जाताना आपल्या माणसांना घेऊन जा.

परत आल्यावर गावातलं एक लग्न होतं. हे नेहमीप्रमाणे जुन्या पँटवर निघाले, फाटकापर्यंत गेले आणि मागं फिरले. म्हटलं, "काय विसरलं?"

"जाकीट," हे म्हणाले. "चौघांत जेवाले बसाचं हाय ना."