परदेशी डॉक्टरांची तीन घरे : मिरज, वेंगुर्ला आणि मुंगेली



चरोदा हे रेल्वेचे गाव. येथील मुलांना जंक्शन म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून आजची हकीकत एका जंक्शनपासूनच सुरू करणे योग्य होईल.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १८६५ साली जन्मलेले विल्यम वॉन्लेस १८८९ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. आरंभी ते सांगलीस राहिले. १८९२ साली त्यांनी मिरजेस बस्तान हलवले. पुणे, बेळगाव आणि कोल्हापूर या तिन्ही दिशांच्या गाड्या मिरजेस मिळत. एकदा डोळे मिळालेला माणूस परत गेला, की त्याच गाडीने पुढच्या वेळी त्याच्या गावचे चार जण उतरत. मिरजेच्या इस्पितळाची जाहिरात कोणी केली असेल, तर ती या गाड्यांनी! १८९४ साली इस्पितळ उभे राहिले. त्याला मोठे द्रव्यसाहाय्य देणारे जॉन कॉन्व्हर्स हे फिलाडेल्फियातील बाल्डविन कारखान्याचे एक धनी होते, आणि तो कारखाना रेल्वेची इंजिने बनवीत असे. चरोद्याच्या श्रोत्यांना हा योग विशेष भावेल.

परंतु इमारत उभी राहिली म्हणजे वैद्यकी सुरू होत नाही. त्याआधी भाषा यावी लागते. मिशनच्या प्रत्येक नव्या माणसाला मराठी शिकून तिची परीक्षा द्यावी लागे. व्याकरण पुस्तकातून येते. दुखणे पुस्तकातून येत नाही. खेड्यातला रोगी ‘दुखते’ एवढेच सांगून थांबत नाही. ठणका लागला आहे, कळ येते, चमक निघते, मुरडा पडतो, पोटात कालवते, छातीत धडधडते, डोळ्यांत खुपते, अंग मोडून येते, असे तो बोलतो. आणि यांतील प्रत्येक शब्दामागे निराळा आजार दडलेला असू शकतो. ठणका आणि कळ यांतला भेद ज्याला कळला नाही, त्याच्या हातची सुरी कितीही कुशल असली तरी उपयोग काय? आपल्या मातृभाषेत वेदनेला इतकी नावे आहेत, हे आपल्याला सहसा ध्यानातही येत नाही. परक्याला मात्र ती एकेक करून कमवावी लागली.

घरातील दिवस साधाच असे. विहिरीचे पाणी उकळून घ्यायचे, रात्री रॉकेलच्या दिव्याखाली काम करायचे, उन्हाळ्यात मुलांना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी जायचे. इस्पितळात रोगी एकटा येत नसे. त्याच्याबरोबर घर येई. जातीपातीचे निर्बंध कडक होते. परक्याच्या हातचे अन्न कित्येकांना चालत नसे. मग नातेवाईक आवाराच्या कडेला चुली मांडत आणि भाकऱ्या थापत. ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली होती, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांनीही ते कधी झाकले नाही. लोकांनी काय केले? बहुतेकांनी डोळे घेतले आणि देव आपले ठेवले. हा व्यवहार दोन्ही पक्षांना पूर्ण ठाऊक होता, तरी रांग कमी झाली नाही.

प्लेगाची आणि दुष्काळाची वर्षे याच काळातली. १९०६ साली मेरीबाई निवर्तल्या. कोल्हापूरच्या मिशन इस्पितळाला पुढे त्यांचे नाव दिले गेले. वॉन्लेस मात्र मिरजेतच राहिले. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम, आणि महत्त्वाचे म्हणजे एतद्देशीय तरुणांना वैद्यकीचे शिक्षण, एवढा पसारा त्यांनी वाढवला. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. १९३३ साली कॅलिफोर्नियात त्यांचा अंत झाला. वॉन्लेसवाडी हे नाव सांगली-मिरजेच्या लोकांच्या तोंडी आजही आहे.

आता वेंगुर्ला. येथे जंक्शन तर सोडाच, रेल्वेही नव्हती. मुंबईहून आगबोटीने यायचे, आणि पावसाळ्यात तीही बंद! त्याच मिशनचे डॉक्टर गोहीन यांचे कुटुंब या बंदरात राहत होते. १५ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांच्या घरी रॉबर्ट हा मुलगा जन्मला. शिक्षणासाठी त्याला दूर कोडाईकनालच्या निवासी शाळेत धाडले गेले, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो अमेरिकेस गेला. डॉक्टरांच्या सेवेची किंमत अशी मुलांकडूनही वसूल होत असे. ते स्वेच्छेने आले होते. मुलांना कोणी विचारले होते? गौरवग्रंथांत ही बाजू क्वचितच येते.

तिसरे घर आपल्या अगदी शेजारचे, मुंगेलीचे. तेव्हा छत्तीसगड मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर. मुंगेलीस ॲना गॉर्डन या डॉक्टर होत्या, तर त्यांचे पती ई. एम. गॉर्डन यांनी बिलासपूर भागातील लोककथा व चालीरीती जमवून १९०८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे बाईंनी नाडी पाहायची आणि बुवांनी गोष्टी ऐकायच्या! पुढे तेथे व्हिक्टर रॅम्बो आले. मिशनरी आईबापांच्या पोटी १८९४ साली ते हिंदुस्थानातच, मसुरीजवळच्या लंढोरला जन्मले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांनी मोठे नाव मिळवले. रोगी इस्पितळापर्यंत येऊ शकत नसेल तर इस्पितळाने गावात जावे, ही नेत्रशिबिरांची रीत त्यांनी अंगीकारली. स्वातंत्र्यानंतर ते वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागात शिकवू लागले.

वेंगुर्ल्याचा रॉबर्ट पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. १९७७ साली तो पुन्हा भारतात आला, तेव्हा तो अमेरिकेचा राजदूत होता. १९८० पर्यंत तो दिल्लीत राहिला. ज्या देशाचा वकील म्हणून तो आला, त्या देशात त्याचा जन्म झाला नव्हता, आणि ज्या देशात झाला, तेथे तो आता पाहुणा होता.