शाल कुणाच्या खांद्यावर?

 

१ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली तो ठरवला आणि १९९१ पासून तो जगभर पाळतात. त्या दिवशी दिल्लीत वयोश्रेष्ठ सन्मान देतात. पण दिल्ली लांब आहे, आपण आपल्या ग्रामपंचायतीचं बोलू.

३१ मे म्हणजे अहिल्यादेवींची जयंती. महिला व बालविकासाचं काम केलेल्या दोन बायांचा त्या दिवशी प्रत्येक ग्रामपंचायतीत सन्मान करायचा, असा शासन निर्णय २०२३ साली झाला. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार म्हणतात त्याला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि पाचशे रुपये. रक्कम थोडी आहे, पण नाव सरकारदरबारी लागतं.

आमच्या एका गटानं यंदा गावातल्या एका आजीचं नाव सुचवायचं ठरवलं. आजी सुईण. दवाखान्याची गाडी गावात येत नव्हती तेव्हा रात्री-बेरात्री कंदील घेऊन जाणारी. पण अर्ज भरायला बसलो तर अडलं. केलेल्या कामाचा पुरावा काय जोडायचा? सुईणीजवळ कुठला कागद असणार? मग आम्ही बैठकीतच विचारलं, आजीच्या हातावर कोण कोण जन्मलंय? निम्म्याहून जास्त हात वर झाले. एक वही घेतली आणि नावं लिहीत गेलो. बायांनी आपली, भावांची, नवऱ्याचीसुद्धा नावं सांगितली. दोन पानं भरली. तोच पुरावा!

तरी पुरस्कार दुसऱ्या दोघींना गेला. दोघी चांगलं काम करतात, आमची तक्रार नाही. आजी तर हसून म्हणाल्या, "बरं झालं माय, मे महिन्यात शाल घेऊन काय करू?"

पण त्या वहीच्या निमित्तानं आजी बोलायला लागल्या. त्यांच्या आईनं सांगितलेलं, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या रांगत होत्या. म्हणजे १९४८. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर त्यांनी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. दिवस वर येऊन बातमी कळली, तशी आजींनी गल्लीतल्या बायांना चुलीपाशी बसवलं. भाकरीची गाठोडी टेंपोत भरून दिली. किती भाकरी झाल्या? "मोजायला कुणाला सवड होती," म्हणतात.

आता गंमत ऐका. गंमत कसली, राग येण्यासारखंच आहे. आजींच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५४. तेव्हा कुणीतरी अंदाजानं टाकली. खरं वय पंचाहत्तरीच्या पुढं, कागदावर पंचाहत्तरीच्या आत. पंचाहत्तरी झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, तो त्यांना मिळत नाही. अर्धं तिकीट काढावं लागतं. ते काय, २०२३ पासून आपल्या सगळ्याच बायांना अर्धंच आहे. ज्या रस्त्याची खडी फोडली, त्याच रस्त्यावर वयाचा पुरावा मागतात.

आमचीही चूक सांगतो. मागं एकदा आम्ही ज्येष्ठांचा सत्कार ठेवला होता. पाहुणे दोन तास उशिरा आले. म्हाताऱ्या माणसांना तोवर सतरंजीवर बसवून ठेवलं. एका मावशीला उठताच येईना, दोघींनी धरून उठवलं. शिवाय साठी झाली की गटातून सासूचं नाव काढून सुनेचं घालायचं, हेही आम्हीच करतो. वर्षानुवर्षं तिनं बचत भरलेली असते. तिला साधं विचारतही नाही.

तर येत्या ग्रामसभेआधी महिला सभा होईल. ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, नुसत्या सह्या फिरवू देऊ नका. त्या सभेत पुढच्या पुरस्कारासाठी गावातल्या एका तरी ज्येष्ठ बाईचं नाव ठराव करून सुचवा. कामाची माहिती आत्ताच लिहून काढा, मे महिन्यात धावपळ नको. ठराव इतिवृत्तात लिहिला का, ते समोर बसून वाचून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवरची तारीख आज संध्याकाळी बघा. चुकली असेल तर शाळेचा दाखला, जन्माची नोंद, जे सापडेल ते शोधायला लागा.

आजींची वही आमच्या गटाच्या पेटीत आहे. परवा एक माहेरवाशीण आली होती, तिनं तिसऱ्या पानावर आपलं नाव लिहिलं.