माहूरच्या मुळ्या आणि आपला हक्क
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कोणी म्हणेल, धम्माच्या व्यासपीठावर झाडपाला कशाला? तर विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक अख्खा भाग आहे. आजारी भिक्खूंना काय चालेल ते तथागतांनी नावानिशी सांगितले. हळद, आले, वेखंड, वाळा, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. गडाकडे जाताना पोते अंथरून बसलेल्या बाईपुढे बघा, यातले बरेच सापडेल. या यादीत अंगारा नाही, गंडा नाही. आपल्याकडे मात्र मुळीसोबत दोरा दिल्याशिवाय गिऱ्हाइकाचे समाधान होत नाही!

जीवक तक्षशिलेला सात वर्षे शिकला. गुरू म्हणाले, योजनभर फीर आणि औषधाला न येणारी वनस्पती आण. तो रिकाम्या हाताने परत आला आणि पास झाला. पुढे राजवैद्य झाला. आमच्या किनवट-माहूरच्या जंगलात गोंड, कोलाम, आंध म्हाताऱ्या रोज तेच शोधतात, पण त्या अडाणीच. अर्थात साप चावला तर मुळी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

बिब्ब्याचेच घ्या. त्याचे तेल अंगावर उडाले की कातडी भाजते, फोड येतात. बाया एकेक बिब्बा फोडून आतली गोडंबी काढतात. ती शहरात डिंकाच्या लाडवात जाते. हात कुणाचे भाजले, हे लाडू खाणाऱ्याला ठाऊक नसते. मी गिरणी कामगार. माल कोण काढतो आणि भाव कोण लावतो, हा खेळ मला नवा नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळे, कंद गौण वनोपजात धरले. ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क जंगलावर पोट असणाऱ्यांना दिला. आदिवासी भावांना तर आहेच, पण आपल्यातली जी घरे पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगली त्यांनाही, 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून. अट मात्र कडक. १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, दाखवायची. आपल्या आजोबाकडे कुठला आलाय कागद? म्हणून अनेकजण अर्जच करीत नाहीत. पण नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा आहे. एकट्या जबाबावर भागत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. पण सुरुवात तिथून होते.

आपल्या वस्तीत मोहाच्या, हिरड्याच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे दरसाली कमी होत आहेत. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर त्यांना इथे घेऊन या. उचलून आणावे लागले तरी आणा. वही आणि पेन मी आणतो. लिहायला दोन शिकलेली पोरे-पोरी पाहिजेत.

जयभीम! नमो बुद्धाय!