संशोधन-अनुदानाचा प्रस्ताव
(अक्कलकोट येथील तरुणांपुढे केलेले भाषण)



शासनाकडे अर्ज कसा करावा, हे आपल्या समाजास शिकवावे लागत नाही. परंतु संशोधन-अनुदानाचा प्रस्ताव ही निराळी वस्तू आहे. तेथे गरज दाखवून भागत नाही. इतरांच्या प्रस्तावांशी झुंजावे लागते.

उदाहरण घ्या. अक्कलकोटास यात्रेकरू येतात, त्यांच्या निवासांच्या शौचटाक्या भरतात. त्या उपसावयास कोणाला बोलावतात, हे सांगावयास नको. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसास टाकीत उतरविणे गुन्हा ठरविले. तरी या देशात टाक्यांतील विषारी वायूने माणसे मरतातच. तो वायू ओळखून इशारा देणारे स्वस्त यंत्र करावयाचे तुम्ही योजिले, तर प्रस्तावात अन्यायाची कैफियत दोन वाक्यांत आटोपा. परीक्षक विचारणार: अशी यंत्रे बाजारात असता तुमचे कशासाठी? किती टाक्यांवर, किती महिने तपासणार? काय घडले म्हणजे प्रयोग फसला असे मानाल? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. टाकीत उतरलेल्या माणसांचे मानधनही खर्चात धरा; त्यांच्याइतके ज्ञान कोणा प्राध्यापकास आहे?

योजनाही नीट वाचा. 2020 साली सुरू झालेल्या आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशनमध्ये अनुसूचित जातींच्या तरुण उद्योजकास तीन वर्षांत 30 लाख रुपयांची तरतूद होती. पण ते भागभांडवल, अनुदान नव्हे. म्हणजे मालकीत वाटेकरी आला!

तूर्त नगरपरिषदेत जा आणि गावात शौचटाक्या किती, याची नोंद लेखी मागा. प्रस्तावाचा पहिला आकडा तोच.