पहिला घाणा आपल्या पानात

मी श्रीगोंद्याहून बोलतेय. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यावर मी तुमच्याशी नेहमी बोलते. आज जरा चुलीपाशी बसू या.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाच्या पंधरा जणी आमचं काम बघायला येणार होत्या. जानेवारीत आपल्याकडे पाहुणा आला की हुरडा ठरलेलाच. गोवऱ्यांची आगटी, गूळभेंडीची कणसं, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पण त्या वर्षी ज्वारीची पेरणी लांबली आणि कणसात दाणाच भरला नव्हता. मग एकजण म्हणाली, "भरीत-भाकरी करू." लगेच दुसरी म्हणाली, "भरीत काय, त्या घरी रोज खातात. काहीतरी नवीन करू की."

माझी नणंद अलिबागकडे दिलेली आहे. तिच्याकडे थंडीत पोपटी लावतात, ते मी बघितलं होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, वांगी रचायची, मीठ-ओवा टाकायचा आणि तोंडाला पाला कोंबून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी घालायचं नाही, तेलही नाही. पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं वाफवतं. तिकडे अंडी, कोंबडीही घालतात. आमच्या गटात तिघी माळकरी, म्हणून आपली नुसत्या भाज्यांचीच.

मी म्हटलं, "रविवारी पाहुण्या आल्या की थेट लावू. भाजायचंच तर आहे." तेव्हा गटातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "बाई, पहिला घाणा पाहुण्याच्या ताटात घालू नये. आधी आपण खाऊ." मला ते फारसं पटलं नव्हतं. पण काकींचा शब्द मोडवेना.

गुरुवारी दुपारी माझ्या अंगणात पहिली पोपटी लावली. वालाच्या शेंगा मिळाल्या नाहीत, म्हणून आपल्या तुरीच्या घेतल्या. भांबुर्डा ओळखता येईना. एकीनं बांधावरचा पाला ओरबाडून आणला, तर त्यात निम्मं काँग्रेस गवत! ते अंगाला लागलं तरी खाज सुटते, पोटात कसं घालायचं? दुसरी म्हणाली, ज्वारीची पानं घ्या. काकींनी तेही थांबवलं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शेवटी केळीची पानं घेतली आणि वासाला मूठभर ओवा. मैत्रिणींनो, ज्या पाल्याची खात्री नाही, तो अन्नात नको.

जाळाला उसाचं पाचट घेतलं, कारण ते दारात पडलेलं होतं. भडका असा झाला की आम्ही चार पावलं मागं सरलो, आणि दहा मिनिटांत सगळं विझलं. मडकं फोडलं तर वरच्या शेंगा करपलेल्या आणि मधले बटाटे कच्चे टणक. माझं तोंड उतरलं. त्याच पंधरा जणी समोर बसलेल्या असत्या तर?

शुक्रवारी पुन्हा लावली. या वेळी काय बदललं ते लिहून घ्या. दहा-बारा जणींना तुरीच्या शेंगा दोन किलो, बारके बटाटे एक किलो, रताळी एक किलो, छोटे कांदे बारा, छोटी वांगी एक किलो. वांग्यांना चार चिरा देऊन लसूण, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर आणि मिठाचं वाटण भरलं. मोठं रताळं असेल तर दोन तुकडे करा. बटाटे-रताळी मडक्याच्या कडेनं लावा, कारण धग तिथं आधी लागते. शेंगा मधे. मडकं साधं मातीचं घ्या, रंगवलेलं नको, आणि तडा गेलेलं तर मुळीच नको. जाळाला पाचट फक्त पेटवायला, बाकी गोवऱ्या आणि बाभळीच्या वाळक्या काटक्या. पाऊण तास सारखी धग राहिली पाहिजे. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र करून लगेच आटलं, की झाली. हे सगळं कडब्याच्या गंजीपासून लांब, वारा बघून, पदर खोचून, बादलीभर पाणी जवळ ठेवून करायचं.

त्या दिवशी पोपटी छान झाली. मडकं उपडं केल्यावर वाफेबरोबर ओव्याचा वास आला आणि आम्ही दहाजणी तिथंच गोल करून बसलो. बोटं भाजत होती, तरी कुणी थांबेना. खाता खाता एकजण हळूच म्हणाली, "लग्नाला अकरा वर्षं झाली. जाळावरून उतरलेलं गरम, सगळ्यांच्या आधी, बसून खाल्लंय असं आज पहिल्यांदाच." एकदम सगळ्या गप्प झाल्या. कारण ती एकटी नव्हती. आपण वाढतो, पुन्हा वाढतो, आणि मग पातेल्याच्या बुडाचं गार खातो. चव बघायची म्हणजे तळहातावर एक थेंब.

आणखी एक गोष्ट निघाली. दोन्ही दिवस वांगी एकीच्याच वाफ्यातून आली होती. ती बाजारात विकून घर चालवते, आणि आम्ही "आपल्याच गटाची" म्हणून उचलत होतो. त्याच संध्याकाळी दोन्ही दिवसांचा खर्च वहीत लिहिला, बाजारभावानं वांग्याचे पैसे धरले आणि सगळ्यांत वाटून घेतले. पाहुणचार सगळ्यांचा, तर खर्चही सगळ्यांचा.

रविवारी दोन मडकी लावली. भरीत-भाकरीही केली होती, कारण नवा पदार्थ एकट्याच्या जोरावर ठेवायचा नसतो. एक मडकं थोडं मागं राहिलं, पण भाकरी तयार होती, म्हणून कुणाला कळलंही नाही. पाहुण्यांनी पोपटी चवीनं खाल्ली आणि भरीतही मागून घेतलं. पंगतीला मात्र आम्ही त्यांच्याबरोबरच बसलो. वाढणाऱ्या दोघी पाळीपाळीनं बदलत गेल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, थंडी आहे तोवर करून बघा. भांबुर्डा ओळखणारं कुणी असेल तर उत्तम, नाहीतर केळीची पानं आहेतच. पण पाहुण्यांच्या आधी एकदा स्वतःसाठी लावा. बिघडली तर आपल्यातच राहील, आणि जमली तर पहिला गरम घास तुमचा.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.