इंटर्नशिप जिनिव्हाची की गावच्या फायलीची?



लॉ करणारी, राज्यशास्त्र घेतलेली आपली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात : मानवाधिकारात इंटर्नशिप करायची आहे, जिनिव्हाला जाता येईल का?

अर्ज जरूर करा. पण संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला पगार नसतो. तिकीट, राहणं, जेवण सगळं आपल्या खिशातून. खानापूर-निपाणीकडच्या शेतकऱ्याच्या घराला ते झेपत नाही. दिल्लीचा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगही विद्यार्थ्यांना उन्हाळी आणि हिवाळी इंटर्नशिप देतो, शिवाय कमी मुदतीची ऑनलाइनही. तिथून सुरुवात करा.

आता मुद्द्याचं. तिथे शिकायचं काय? माझं उत्तर एकच : गाऱ्हाण्याची तक्रार कशी करायची, ते.

आपल्याकडे गाऱ्हाणी पोत्यानं आहेत. "आमच्यावर अन्याय होतो" हे वाक्य मोर्चात चालतं, आयोगाच्या टेबलावर चालत नाही. तिथे विचारतात : काय झालं? कोणत्या तारखेला? कोणत्या कार्यालयात? कागद कुठे आहे? मानवाधिकार संरक्षण कायदा १९९३ चा. त्याच्या कलम ३६ प्रमाणे घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. आपण मात्र दहा-दहा वर्षांची दुखणी घेऊन बसतो. आणि हेही लक्षात ठेवा, आयोगाकडे तक्रारीला फी नाही, आणि आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती देता येते. म्हणजे मराठीतसुद्धा!

एक उदाहरण घेऊ. तहसील कार्यालयाची महत्त्वाची नोटीस फक्त कन्नडमध्ये लागली. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण योजनेत, ज्या भागात त्यांची संख्या किमान १५ टक्के आहे तिथे अशा नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं आहे. ही योजना आहे, कायदा नव्हे. म्हणून तर कागद पक्का हवा. नोटिशीचा तारखेसह फोटो काढा. जनगणनेतले तालुक्याचे मातृभाषेचे आकडे काढा. मग मराठीत लेखी निवेदन द्या. घटनेच्या कलम ३५० नं गाऱ्हाणं मांडायला केंद्रात किंवा त्या राज्यात वापरातली कुठलीही भाषा चालते. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. दाद लागली नाही, तर सगळी फाईल भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे. हे पद कलम ३५० (ब) खालचं आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्याचं काय? नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. त्याचं कलम २७ अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरण्याचा हक्क देतं. पण व्यक्तीची तक्रार घेणारा त्याचा जोडकरार भारतानं स्वीकारलेला नाही. त्यामुळे तुमचा अर्ज थेट त्या समितीपुढे जाणार नाही. तिथे सरकारच्या अहवालाची तपासणी होते. १९९७ नंतर ती झाली थेट जुलै २०२४ मध्ये. अशा वेळी नागरी संघटना आपला वेगळा अहवाल देऊ शकतात. पण त्यात घालायला गावातल्या पक्क्या फायली हव्यात ना? त्या कोण करणार?

दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. सीमाप्रश्न हा वेगळा खटला आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात नेला. मानवाधिकार आयोग त्याचा निकाल देणार नाही. पण निकाल लागेपर्यंत शाळेतल्या पोरीनं मराठी पुस्तकासाठी थांबायचं कारण नाही. दुसरं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणणारं कलम ३५० (अ) जत-अक्कलकोटच्या कन्नड मुलांनाही तितकंच लागू आहे. तिथे आपण गप्प राहिलो, तर इथली आपली बाजू लंगडी पडते.

आणि तुमची ताकद ओळखा. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांतले कागद तुम्ही वाचू शकता. सक्तीला विरोध करा, कन्नड वाचायला करू नका. आदेश ज्या भाषेत निघतो, ती भाषा वाचणाराच त्यातली चूक धरतो.

म्हणून इंटर्नशिपचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. आपल्या गावातलं या वर्षातलं एक गाऱ्हाणं निवडा. तारीख, कागद, नियम, पोच अशी त्याची फाईल तयार करा. मुलाखतीत तीच पुढे ठेवा. निवड झाली तर उत्तम. नाही झाली, तरी गावच्या हातात एक तक्रार तयार असेल.

जय महाराष्ट्र!