व्याकरण शिकलेला कवी

फ्रेंच शिकणारा विद्यार्थी सुरुवातीला अडखळतो तो आकड्यांशी. नव्वद म्हणायला तिथं 'चार वीस आणि दहा' म्हणतात. वर्गात हमखास हशा होतो. पण आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या गोवऱ्या मोजताना 'चार विसा आन् धा' असंच म्हणायच्या. शाळा न पाहिलेल्या त्या बायांना पॅरिसचा हिशेब येत होता!

पुढं काही अक्षरांवर टोपी दिसते. अरण्याला 'फोरे' आणि रुग्णालयाला 'ओपिताल' म्हणतात. या शब्दांत पूर्वी 'स' होता. तो उच्चारातून गळाला आणि त्याची खूण म्हणून टोपी उरली. साखरेला 'स्युक्र' म्हणतात. आपली शर्करा फारसी, अरबी, इटालियन अशी मजल दरमजल करत तिथं पोचली. विद्यापीठात भाषा शिकताना शब्दांचे असे सोयरे सापडत जातात.

साहित्याच्या तासाला खरी कसोटी लागते. एखादी कविता किंवा छोटा उतारा घ्यायचा आणि ओळीओळीनं उलगडायचा. हाच शब्द इथं का? बारा अवयवांच्या ओळीत यती कुठं पडतो? आपण रसग्रहण म्हणतो, त्याच्या जवळचंच हे. मात्र 'कवी थोर आहे' एवढ्यावर तिथं गुण मिळत नाहीत.

या शिस्तीतून गेलेला एक विद्यार्थी मला फार जवळचा वाटतो. लिओपोल्ड सेदार सेंघोर. जन्म १९०६, सेनेगलमधल्या जोआल गावी. मातृभाषा सेरेर. १९२८ साली तो पॅरिसला आला, सोर्बोनमध्ये शिकला आणि १९३५ साली व्याकरण विषयातली 'आग्रेगासिओं' ही अवघड स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाला. ती उत्तीर्ण होणारा तो पहिला आफ्रिकी. त्यानंतर तूर शहरातल्या शाळेत हा काळा मास्तर फ्रेंच मुलांना भाषा शिकवू लागला.

याच पॅरिसमध्ये त्याला मार्तिनिक बेटावरचा एमे सेझेर भेटला. आपलं काळेपण लपवायचं नाही, त्याचीच कविता करायची, असं या मित्रांनी ठरवलं. राज्यकर्त्यांची भाषा पक्की शिकून तिच्यातच त्यांनी राज्यकर्त्यांना जाब विचारला. १९६० साली सेंघोर स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९८३ साली फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली. १६३५ पासून भाषेची राखण करणाऱ्या त्या चाळीस जणांत पहिला आफ्रिकी माणूस बसला. २००५ साली अल्जिरियाच्या आसिया जबार यांनाही तो मान मिळाला. आज फ्रेंचच्या विद्यार्थ्याला मोलिएर आणि ह्यूगो यांच्याबरोबर ही मंडळीही वाचावी लागतात.

हे सगळं मला का भिडतं? मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि विचारतं, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?' विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरी प्रश्न टोचतो. सेंघोरना फ्रेंच खरोखरच परकी होती, ती त्यांनी कष्टानं मिळवली. मराठी मला कुठून मिळवायची? ती दारात, बाजारात, बांधावर होतीच. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. परीक्षा देऊन हक्क सिद्ध करायची वेळ आमच्यावर यावी का?

पण सेंघोरांकडून एक गोष्ट मी घेतली. हक्क आहे म्हणून भाषा आपोआप येत नाही. जन्मानं मिळालेली भाषासुद्धा शिकावी लागते, आणि हे ज्यांना कुणी कधीच प्रश्न विचारत नाही, त्यांनाही लागू आहे.

भाषेचा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. गी दलरी हे फ्रेंच अभ्यासक मराठी शिकले आणि १९५६ साली त्यांनी केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या तरुणांपैकी कुणी फ्रेंच घेऊन विद्यापीठात जात असेल, तर नोकरी जरूर मिळवावी. पण सवड काढून सेंघोरांची एखादी कविता मराठीत आणावी. तुकोबांचं ते देणं अजून आपल्याकडं बाकी आहे.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)